दोरा बांधलेलं घोसाळं

भजी चांगली झाली होती, हे आधीच सांगते. पीठ हलकं होतं, ओवा हातावर चोळून घातला होता आणि चकत्या अगदी बेताच्या जाडीच्या, म्हणजे बाहेर कुरकुरीत आणि आत लोण्यासारख्या. गणपती दोन दिवसांवर आले होते, बाहेर दुपारपासून झड लागली होती आणि वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी मुलगी ताटली घेऊन दारात उभी होती. जळगावकडची आहे, इथे कुठल्याशा कंपनीत रात्रपाळी करते आणि दिवसा कधीही झोपते, कधीही स्वयंपाक करते. ‘काकू, तुमच्याच वेलीच्या गिलक्याची आहेत हं,’ ती म्हणाली. तीन दिवसांपूर्वी मीच तिला म्हटलं होतं की गच्चीवर घोसाळी लागलीत, हवं तेव्हा तोडून ने. मी एक भजं तोंडात टाकलं, वा म्हटलं, आणि दुसरं उचलताना ताटलीच्या कडेला तो दिसला. लाल दोरा. नीट गुंडाळी करून ठेवलेला. ‘हा त्याला बांधलेला होता. मी कापला नाही, सोडवून आणला,’ ती म्हणाली. माझा चेहरा कसा झाला असेल, तो तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळला.

‘अगं, दोरा बांधला होता ना त्याला!’ माझ्या तोंडून गेलंच.

‘मला वाटलं दृष्टीचा असेल.’

यावर काय बोलणार? वेलाला दृष्ट लागू नये म्हणून लोक काय काय टांगतात. काळं मडकं टांगतात, जुनी चप्पल टांगतात. लाल दोऱ्याचा अर्थ ‘हे बियाला धरलंय, हात लावू नका’ असा होतो, हे तिला कोण सांगणार होतं? मी सांगितलं नव्हतं. वेलावर पाटी लावली नव्हती. आमच्या घरात हे कुणी कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. सासूबाई चांगल्या बाकाचं, लांबट, बुंध्याजवळचं एक फळ हेरायच्या, जुन्या लुगड्याच्या काठाचा लाल धागा ओढून त्याच्या देठाला बांधायच्या, आणि त्या दिवसापासून ते फळ घरात असून नसल्यासारखं व्हायचं. पोरं शेजारचं तोडायची, त्याला नाही.

ती खाली मान घालून गेली. भजी मी संपवली. टाकून देणं बरं दिसलं नसतं, आणि खरं सांगायचं तर चवही लागली होती. पण रात्री झोप येईना.

त्या एका घोसाळ्याचं एवढं काय, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. हे बी भोर तालुक्यातल्या आमच्या गावचं. सासूबाई गेल्यानंतर मी ते दरवर्षी पुण्यात गच्चीवर लावते आणि दरवर्षी नवं बी धरते. गेल्या वर्षी परतीच्या पावसानं घोटाळा केला. बियाचं फळ वेलावर वाळायच्या आधीच कुजायला लागलं. मी ते तसंच उतरवून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं, पण आतलं बरंचसं बी पोचट निघालं. एरवी एका फळात शंभरेक बिया सहज मिळतात. यंदा पाण्यात टाकल्यावर तळाला गेल्या त्या अकरा. गावी आता कुणी हे बी ठेवत नाही. दीर तालुक्याच्या दुकानातून पाकीट आणतात, त्याला फळं भरभरून लागतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाकीट. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, बाजारात न्यायचं तर एकसारखा माल लागतो.

तर अकरा बिया. आणि २०२५ चा मे. तो महिना पुण्यात राहिलेल्या कुणी विसरायचा नाही. उन्हाळा आलाच नाही म्हटलं तरी चालेल. रोज दुपारी काळोख, रोज पाणी, आंबा पेटीतच घाम फुटल्यासारखा ओला. २४ मे ला मान्सून केरळात आल्याची बातमी आली आणि २६ तारखेला तो मुंबईत होता. नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे पंधरवडाभर आधी. इतक्या लवकर तो मुंबईत आल्याची नोंदच नाही म्हणे. मलाही त्या पावसानं चढल्यासारखं झालं. गच्ची भिजलेली, मातीचा वास, शेणखत कालवून तयार. मी कुंडीत बोट खुपसून सात बिया टोचल्या. टोचताना कानात सासूबाईंचा आवाज आला होता, नाही असं नाही: ‘आगं, रोहिनी लागल्याती. मिरुग येऊ दे.’ पण मोबाईलवर उपग्रहाचं चित्र दिसत होतं, अरबी समुद्रावर पांढरा शुभ्र ढगांचा पट्टा. मी चित्रावर विश्वास ठेवला.

चित्र खरंच होतं. त्यानंतर पाऊस चार-सहा दिवस धो धो पडला आणि मग जो गडप झाला तो आठवडाभर ढगसुद्धा दिसेना. सातांपैकी पाच बिया आधीच कुजल्या होत्या, कुंडीत पाणी तुंबून. दोन उगवल्या. एकीला उन्हानं करपवलं, दुसरी गोगलगायीनं खाल्ली. उरलेल्या चार बिया राखेच्या डबीत होत्या, तेवढ्याच वाचल्या. त्या मी शहाणपणानं राखल्या असं म्हणवत नाही, ती हाताची सवय होती. सासूबाई सगळं बी एकदम मातीत घालू द्यायच्या नाहीत. तिसरा हिस्सा मागे. दुबार पेरणी हा शब्द टीव्हीवरच्या बातम्यांत ऐकला की आपल्याला शेतकऱ्याचं मोठं संकट दिसतं, आणि ते असतंच. पण त्यांच्या हिशेबात दुबार पेरणी जमेस धरलेलीच असायची. चार बिया मी मृग लागल्यावर, १० जूनला टोचल्या. दोन उगवल्या, एक वेल झाला.

म्हणून तो दोरा.

रोहिणी, मृग, आर्द्रा. मला लग्नाआधी ही पावसाच्या नक्षत्रांची नावं नुसती पंचांगातली वाटायची. आमचं माहेर शहरातलं, वडील बँकेत. सासरी आले तर तिथे पावसाळ्याला जून-जुलै नव्हतेच. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. ‘म्हातारा लागलाय, त्यो आता बसून ऱ्हायचा,’ असं सासूबाई म्हणाल्या की मी दारात खरंच कुणी म्हातारं बसलंय का ते पाहायचे, इतकी मी अडाणी. आश्लेषाचा आसळका. मग मघा: पडतील मघा, नाहीतर ढगाकडे बघा. या म्हणीची एक चुलीपुढची आवृत्ती आहे, ती इथे लिहिण्यासारखी नाही. ज्यांना माहीत आहे ते हसले असतील. ‘न पडतील उत्तरा तर भात मिळेना पितरा’ ही मला तेव्हा नुसती यमकासाठी जुळवलेली वाटली होती. भोरच्या भाताच्या खाचरांजवळ एक सप्टेंबर काढला तेव्हा कळलं की उत्तरा लागतात तेव्हा भात पोटरीत असतो, म्हणजे कणीस अजून पानाच्या पोटात असतं, त्याला त्या आठवड्यात पाणी हवंच, आणि पितृपक्षही त्याच सुमाराला येतो. एका ओळीत पीक, पाऊस आणि श्राद्धाचा स्वयंपाक बसवला आहे.

पुढे केव्हातरी हेही लक्षात आलं की गुढीपाडवा दरवर्षी मागेपुढे होतो, गणपती कधी ऑगस्टात तर कधी सप्टेंबरात, पण मृग मात्र ७-८ जूनलाच लागतो. तो सूर्याच्या हिशेबानं चालतो म्हणून. सणवार चंद्राकडे आणि पेरणी सूर्याकडे, अशी वाटणी कुणीतरी फार विचारानं केलेली आहे. सूर्य सत्तावीस नक्षत्रांतून वर्षभरात फिरतो, एकेका नक्षत्राला तेरा-चौदा दिवस. त्यातही एक गंमत आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, त्यामुळे साधारण ७२ वर्षांत मृग एक दिवस पुढे सरकतो. म्हणजे सासूबाईंच्या आजीचा मृग माझ्यापेक्षा एखाद-दोन दिवस आधी लागत असणार. म्हणी मात्र तशाच.

नक्षत्रांच्या वाहनांवर माझा विश्वास नाही. मृगाचं वाहन कोल्हा, आर्द्राचं मोर, असं दिनदर्शिकेत छापलेलं असतं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाणी भरपूर, कोल्हा किंवा मेंढा आला की कमी. सूर्य ज्या नक्षत्रात शिरतो तिथपासून त्या वेळच्या चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं, बाकी उरेल ते वाहन. त्यात ढग कुठेच येत नाही. सासूबाईंचा होता का विश्वास? वाहन त्या दरवर्षी विचारायच्या, मी वाचून दाखवायचे, त्या ‘हं’ म्हणायच्या आणि मग अंगणात जाऊन मुंग्या अंडी घेऊन कुठल्या भिंतीवर चढतायत ते पाहायच्या. कावळ्याचं घरटंही पाहायच्या, झाडाच्या मधल्या बेचक्यात आहे की शेंड्याला. शेंड्याला असलं तर पाऊस कमी. आमच्या सोसायटीतल्या कावळ्यानं यंदा मोबाईलच्या टॉवरवर घरटं केलं, तारांचे तुकडे आणि एक हँगर वापरून. याचं काय समजायचं, हे विचारायला आता कुणी नाही.

आमच्याकडे राहायला आल्या की त्या शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसची चौकशी हटकून करायच्या. पुण्यातल्या त्या दगडी इमारतीला हे नाव पडलं कारण हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून तिथे आलं. बसमधून जाताना मी एकदा त्यांना ती दाखवली होती. ‘तितं पावसाचं काय करत्यात?’ मोजतात, म्हटलं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक लिटर पाणी. त्यांनी मनातल्या मनात आमचं परसू मोजलं असावं, कारण थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘म्हंजी घागरीनं मोजत्यात म्हन की.’ ते काम त्यांना पटलं. नंतर गावी त्यांनी तुळशीशेजारी एक सरळ कडांचा पत्र्याचा डबा ठेवला आणि बोटांनी पाणी मोजायला लागल्या. दोन पेरं, तीन पेरं. माझ्या गच्चीवर तसाच डबा आहे. मी पट्टी वापरते, एवढाच फरक.

त्यांच्या हातच्या बाकीच्या गोष्टी माझ्याकडे तुकड्या-तुकड्यांनी आल्या आहेत. वेल मांडवाला बांधायचा तो सुती चिंधीनं, नायलॉननं नाही, देठ जाड झाला की नायलॉन आत रुततो. उन्हाळ्यात कुंडीच्या मधोमध छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं आणि त्यात पाणी भरायचं, ते पाझरत राहतं, मुळं आपसूक मडक्याला बिलगतात. मी मे महिन्यात गावी जाते तेव्हा माझी कुंडी त्या मडक्यावरच चार दिवस काढते. वाळलेल्या घोसाळ्याची साल काढून जी जाळी उरते ती आमच्या न्हाणीत अंग घासायला असायची. हल्ली तीच सेंद्रिय म्हणून दुकानात दीडशे रुपयांना टांगलेली दिसते आणि मला उगाच राग येतो. घोसाळ्याचं फूल सकाळी उघडतं आणि दोडक्याचं संध्याकाळी, हे त्यांनी सांगितलं नव्हतं, मी गच्चीवर चहा पिताना पाहिलं. आधी नुसती नर फुलं येतात, घोसानं, आणि दहा-बारा दिवस माणूस हवालदिल होतो की फळ धरणार की नाही. मग एका सकाळी एका पिवळ्या फुलामागे करंगळीएवढं हिरवं काहीतरी दिसतं. चौथ्या मजल्याच्या गच्चीवर काळा भुंगा कसा पोचतो हे मला अजून कोडं आहे, पण पोचतो. मृगाचा किडा मात्र येत नाही. ते लाल मखमलीचं थेंबासारखं पोर पाहायला गावच्या बांधावरच जावं लागतं.

आणि एक गोष्ट आहे, जी मी कुणाला फारशी सांगत नाही.

लग्नाला वर्षच झालं होतं. धाकट्या दिरांचं लग्न ठरलं आणि घराला रंग द्यायचा ठरला. मी उत्साही. मधल्या खोलीच्या भिंतीवर, चुलीच्या धुराची वाट जिथून जायची तिथे, शेणाच्या सात-आठ चकत्या थापलेल्या होत्या, भाकरीएवढ्या, वाळून काळ्या पडलेल्या. गोवऱ्या घरात कशाला थापायच्या, असं मनाशी म्हणत मी त्या खुरप्यानं खरवडून काढल्या, पाटीत भरल्या आणि उकिरड्यावर टाकून आले. भिंत पुसून लख्ख केली. सासूबाई शेतावरून आल्या, भिंतीकडे पाहिलं, आणि काही म्हणाल्या नाहीत. पाय धुतले, चहा घेतला, मग कंदील घेऊन उकिरड्याकडे गेल्या. बऱ्याच वेळानं ओच्यात काहीतरी घेऊन परतल्या. त्या चकत्यांत डांगराचं, दुध्याचं, काकडीचं बी होतं. शेणात कालवून भिंतीला थापलं की किडा लागत नाही, धुरानं कोरडं राहतं, आणि मृगाला चकती फोडली की बी हातात. सगळ्या गावाला माहीत होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं असतं असं कुणाला वाटलंही नव्हतं. त्या दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी काहीच घडलं नसल्यासारख्या. काकडीचं ते बी पुन्हा मिळालं नाही. कडू न होणारी, पांढुरकी, आखूड काकडी होती म्हणतात. मी ती खाल्लेली नाही.

त्या पावसाळ्यात उकिरड्यावर डांगराचा एक वेल आला आणि पसरत पसरत गोठ्याच्या कौलांवर चढला. दसऱ्याला तेरा डांगरं उतरवली. सासूबाई येणाजाणाऱ्याला एकेक देत होत्या आणि प्रत्येकाला सांगत होत्या, ‘सुनंनं लावलाय. उकिरड्याला अक्कल हाय.’

अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा टीव्हीवर त्यांच्या घरातली ती मडकी आणि कणग्या पाहताना मी अर्धा वेळ मागच्या भिंतीकडेच बघत होते.

तर भज्यांच्या दुसऱ्या दिवशी मी वर गेले. दार वाजवलं, तर ती झोपेतून उठून आली, केस विस्कटलेले. मी तिला भिंतीची गोष्ट सांगितली. ती हसेल असं वाटलं होतं, पण तिनं विचारलं, ‘मग आता बी संपलं?’ वेल अजून आहे, म्हटलं, बघू. ती म्हणाली, आमच्याकडे बुलढाण्याच्या भेंडवळची घटमांडणी टीव्हीवर लागते, अक्षय तृतीयेला अठरा धान्यं मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पावसाचं भाकीत करतात, ते आजोबा आवाज मोठा करून बघतात. पण घरी बी कोण ठेवतं हे तिला ठाऊक नव्हतं. आजीला विचारते, म्हणाली.

पुढचे दिवस बरे गेले नाहीत. पूर्वा कोरड्या-ओल्या संमिश्र गेल्या. उत्तरा पडल्या, पण त्या भाताच्या बेतानं पडल्या नाहीत. सप्टेंबरच्या शेवटी मराठवाड्यात नद्या शेतांतून वाहिल्या आणि माती खरवडून गेली. ती दृश्यं पाहताना कुठलीच म्हण आठवेना. असल्या पावसासाठी यमक जुळवलेलं नाही. आमच्या वेलावर भुरी आली, पानं पिवळी पडून गळायला लागली, फुलं उमलून गळत होती. दोन घोसाळी धरली, पैकी एक मी दोरा बांधायच्या आतच फळमाशीनं गेलं. बुंध्याकडचं काही उरलं नाही. हस्त निघाला तेव्हा मी ठरवलं, वेल काढायचा. पुढच्या वर्षी दिरांना म्हणायचं, एक पाकीट जास्त आणा.

कात्री घेऊन वर गेले. मांडवाची सुतळी एका बाजूनं सोडवत शेवटच्या टोकाला आले, जिथे वेल गच्चीच्या कठड्यावरून पलीकडे ड्रेनेजच्या पाइपावर गेला होता. तिथे एक फळ होतं. वाकडं, एका बाजूनं फुगलेलं, अगदी शेंड्याचं. सासूबाईंनी असल्या फळाकडे ढुंकून पाहिलं नसतं, शेंड्याचं बी कधी धरू नये म्हणायच्या. त्याच्या देठाला केसांचा जांभळा रबरबँड होता, दोन वेढे देऊन. वरून दुधाची रिकामी पिशवी उलटी घातलेली, पाऊस लागू नये म्हणून, आणि पिशवीला खालून हवेसाठी भोकं पाडलेली. कुठे दिसलं असेल तिला ते, मला तर इतक्या दिवसांत दिसलं नव्हतं.

सुतळी पुन्हा बांधून टाकली.

आता चित्रा लागल्या आहेत. पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा, म्हणजे आता पाऊस नको. ऊन कडक आहे, साल पोपटीवरून पिवळट व्हायला लागली आहे, आणि वेलाला चार पानं उरली आहेत, त्यांच्यावर ते फळ पोसायचं आहे. काल सकाळी सात वाजता ती पाळी संपवून आली तशी थेट गच्चीवर गेली. पाठीवर सॅक, डोळे तांबारलेले. मी डब्यातलं पाणी ओतून देत होते. तिनं पिशवी वर केली, फळ हलकेच कानाशी नेऊन हलवलं, जसं लहान मूल खुळखुळा हलवतं, आणि माझ्याकडे पाहून मान हलवली.

‘आजी म्हणाली, वाजेपर्यंत हात लावू नको.’

‘वाजतंय का?’

‘नाही अजून.’